भटकभवानीची वही

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवाची वाणं वाटून झाली. पहाटे अजून शेकोटी लागते, पण दुपारी ऊन पाठीला चटका देऊ लागलंय. आंब्याला मोहोर आलाय, माळावरची बोरं संपत आलीत आणि थोड्या दिवसांत पळस-पांगारा पेटल्यासारखा दिसायला लागेल. थंडी जाते आणि वसंत येतो, तो हा काळ.

याच दिवसांत आपल्या घरातल्या काळज्याही वाढतात. मार्चअखेर जवळ आली की गटाचा हप्ता आणि सोसायटीची वसुली डोळ्यांपुढे येते. पोरांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. विहिरीचं पाणी खाली जातं, लग्नसराईचा खर्च उभा राहतो. रात्री अंग टाकलं तरी डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, एकच विचार गरागरा फिरत राहतो. आपल्याकडे याला कुणी आजार म्हणत नाही. ‘काळजी कुणाला नसते?’ म्हणून विषय संपवतात.

अशा वेळी डॉक्टर सांगतात, जरा मोकळ्या हवेत चालत जा. त्यावर आपल्यापैकी कितीतरी जणी हसतात. पाण्याला, सरपणाला, खुरपायला, बाजाराला दिवसभर पायच तर चालतात, आता आणखी कुठं चालायचं? आणि बिनकामाचं चालायला निघालं, तर गाव काय म्हणेल? बाई उगाच हिंडायला लागली की तिला एक शब्द तयारच असतो : भटकभवानी.

म्हणून आज आम्ही तुम्हाला इतिहासातल्या अशाच एका भटकभवानीची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या देशातली नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली आहे. पण तिचं आजोळ, तिची मामी, तिचं शिवणटिपण आणि तिची चिंता ऐकलीत, तर ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

तिचं नाव डॉरथी वर्ड्सवर्थ. जन्म २५ डिसेंबर १७७१ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात. चार भाऊ आणि ही एकटी बहीण. ती सहा वर्षांची असताना आई गेली. भाऊ वडिलांच्या छायेत राहिले, शाळेत गेले. पोरीला मात्र आईच्या एका नातेवाईक बाईकडे दूरगावी पाठवून दिलं. तिथं तिला माया मिळाली, पण पुढची नऊ वर्षं तिला भावांचं तोंडही दिसलं नाही. मधल्या काळात, १७८३ साली वडीलही वारले. ते एका बड्या जमीनदाराचे कारभारी होते. जमीनदाराकडून मोठी रक्कम येणं होती, ती त्यानं जिवंत असेपर्यंत दिली नाही. १८०२ साली तो मेल्यावर त्याच्या वारसानं ती फेडायचं कबूल केलं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं ही भावंडं हक्काच्या पैशाची वाट बघत राहिली.

पंधराव्या वर्षी डॉरथी आजोळी आली. आजोबांचं कापडाचं दुकान होतं. घरात खायला-प्यायला होतं, पण मायेचा शब्द नव्हता. दिवसभर शिवण आणि वर टोमणे. पुढे एका मामानं तिला आपल्या घरी नेलं. तिथं ती त्याची लहान मुलं सांभाळू लागली. स्वतःचं घर नाही, स्वतःचा पैसा नाही, आज या नातेवाइकाकडे तर उद्या त्या. उद्या आपलं काय होणार, ही चिंता तिच्या लहानपणापासून पाठीला लागलेली होती.

आता १७९४ सालचा एप्रिल महिना बघा. डॉरथी बावीस वर्षांची आहे. तिकडे थंडी कडक असते, एप्रिलमध्ये कुठं वसंत दिसू लागतो. आपला भाऊ विल्यम याच्याबरोबर ती पायी निघाली. केंडल नावाच्या गावापासून ग्रासमिअरपर्यंत १८ मैल, आणि पुढे ग्रासमिअर ते केझिक १५ मैल. म्हणजे आपल्या हिशेबानं एकूण ५३ किलोमीटर, सगळा डोंगरांचा आणि तळ्यांचा मुलूख.

ही बातमी तिच्या एका मामीच्या कानावर गेली. मामीनं पत्र लिहून तिला झापलं. चांगल्या घरच्या तरण्या मुलीनं असं पायी गावोगाव हिंडणं शोभतं का, असा तिचा रोख होता. तिथं गाडी करून जाणं ही इज्जत होती आणि पायी जाणं हे भिकाऱ्याचं किंवा चारचौघांत नाव गेलेल्या बाईचं लक्षण समजलं जायचं.

डॉरथीनं मामीला उत्तर लिहिलं. ते पत्र आजही उपलब्ध आहे. भाषा नम्र आहे, पण ती मागे हटत नाही. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : निसर्गानं मला पायात बळ दिलंय, ते वापरायची हिंमत माझ्यात आहे, याचा माझ्या माणसांना आनंद व्हायला हवा. घोडागाडीत बसून मला जे सुख मिळालं नसतं, ते चालून मिळालं. आणि गाडीभाड्याचे निदान तीस शिलिंग तरी वाचले. हा शेवटचा मुद्दा आम्हाला फार आवडतो. चार पैसे कसे वाचले हे मामीला ऐकवल्याशिवाय ती राहिली नाही.

पुढच्या वर्षी भावंडांनी मिळून बिऱ्हाड केलं. एका मित्राचा आई नसलेला लहान मुलगा, बेसिल, त्यांनी सांभाळायला घेतला. १७९७ च्या उन्हाळ्यात ही मंडळी दक्षिणेकडे सॉमरसेट भागात, क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी ॲल्फॉक्सडन नावाच्या घरात राहायला आली. वर्षाला २३ पौंड भाडं. तीनेक मैलांवर कोलरिज नावाचा कवी राहायचा. त्याचं यांच्याकडे येणं, यांचं त्याच्याकडे जाणं, सगळं पायी. कधी दिवसा, कधी चांदण्यात.

गावात कुजबूज सुरू झाली. ही माणसं कोण? बोली वेगळी, रात्री-अपरात्री टेकडीवर फिरतात, ओढ्याकाठी उभी राहून वहीत काहीतरी टिपतात, आणि बरोबर एक बाई. त्या वेळी इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं. हे फ्रेंचांचे हेर असावेत, अशी खबर थेट सरकारपर्यंत गेली आणि ऑगस्ट १७९७ मध्ये सरकारनं एक गुप्त माणूस पाळत ठेवायला पाठवला. त्याला हेरगिरी काही सापडली नाही. पण घराचा करार पुढे वाढवून मिळाला नाही आणि १७९८ च्या उन्हाळ्यात त्यांना ते घर सोडावं लागलं. बाईनं मोकळं फिरण्याची किंमत किती चढी असू शकते, हे यावरून कळतं.

घर सुटणार या टांगत्या तलवारीखाली डॉरथीनं एक वही लिहायला घेतली. तारीख २० जानेवारी १७९८. ती १७ मेपर्यंत चालली. म्हणजे थंडीच्या मध्यापासून वसंत भरात येईपर्यंतचे चार महिने. थंडीतून वसंतात कसं चालत जायचं, याची ती वहीच आहे म्हणा ना.

त्या वहीत काय आहे? पहिल्याच दिवशी गव्हाचं कोवळं शेत आहे, वरंब्यांच्या मधून चमकणारं पाणी आहे, उतारावर गोळा झालेली मेंढरं आहेत. मग कुठल्या दिवशी डोकं वर काढणारी पांढरी फुलं, कुठल्या दिवशी चंद्राभोवतीचं खळं, कुठल्या दिवशी झाडाच्या शेंड्यावर उरलेलं एकुलतं एक पान वाऱ्यात कसं नाचतं ते. मार्च संपत आला तरी ती लिहिते की वसंत फार हळू येतोय, झाडं अजून हिरवी नाहीत, कुंपणं उघडीच आहेत. त्या लिहिण्यात कुरकुर नाही. आज नाही आला, उद्या परत बघायला जाऊ, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच जाते.

या फेऱ्यांत ती सरपणही गोळा करते. आज जंगलात गेलो, काटक्या वेचल्या, असं त्या वहीत अधूनमधून येत राहतं. कपडे वाळत घातल्याचंही येतं. तिची भटकंती रिकामटेकडी नव्हती. पोर सांभाळून, भाकरतुकडा करून, शिवणटिपण आवरून ती जायची, आणि येताना लाकडं आणायची.

या वहीची एक गोष्ट नीट ऐका. तिच्यात ‘मी’ हा शब्द फार कमी येतो. मला असं वाटलं, माझं असं झालं, हे जवळजवळ नाहीच. घर जाणार, पैसा नाही, पुढं कुठं जायचं माहीत नाही. हे सगळं डोक्यात असणारच, पण वहीत आहेत ढग, पानं, पाखरं, मेंढरं. चिंता माणसाला आत ओढते. डॉरथी रोज पायांनी आणि डोळ्यांनी बाहेर यायची.

पुढे डिसेंबर १७९९ मध्ये भावंडं ग्रासमिअरला एका लहानशा घरात आली. तिथं १४ मे १८०० रोजी तिनं दुसरी वही सुरू केली आणि इथं मात्र तिनं मन उघडं केलं. त्या दिवशी विल्यम आणि धाकटा भाऊ जॉन काही दिवसांसाठी परगावी निघाले. त्यांना निरोप देऊन ती तळ्याच्या काठी एका दगडावर बसली आणि पोटभर रडली. रडून मन जरा हलकं झाल्यावर उठली आणि काठाकाठानं चालत राहिली. वाटेत कुठली फुलं उमललीत ते पाहिलं. पुढच्या गावात एक चांगल्या कपड्यांतली, धडधाकट बाई भेटली. तिनं तिच्याकडे अर्धी पेनी मागितली. मी आजवर कधी हात पसरला नव्हता, पण दिवसच असे आलेत, असं ती बाई म्हणाली. डॉरथीनं तेही टिपून ठेवलं. घरी आली तेव्हा डोकं दुखत होतं. तरी तिनं कुंपणाची रोपं लावली आणि चूल पेटवली.

मैत्रिणींनो, इथं एका दिवसात सगळं आहे. रडणं आहे, चालणं आहे, दुसऱ्या बाईचं दुःख दिसणं आहे आणि परत कामाला लागणं आहे. चालल्यानं तिचं दुःख पळून गेलं, असं ती कुठं म्हणत नाही. ते सोबत घेऊनच ती चालली आणि घरी पोचेपर्यंत ते पेलता येईल एवढं झालं.

दोन वर्षांनी, १५ एप्रिल १८०२ रोजी, ही दोघं अल्सवॉटर नावाच्या तळ्याकाठून घरी परतत होती. हवा खराब होती, वारा इतका की मध्येच थांबून दम घ्यावा लागला. तिथं पाण्याच्या कडेला त्यांना आधी थोडी पिवळी डॅफोडिलची फुलं दिसली आणि पुढं गेल्यावर काठभर त्यांचा लांबच लांब पट्टा. घरी आल्यावर डॉरथीनं ते दृश्य वहीत लिहिलं. दोन वर्षांनी, १८०४ साली, विल्यमनं त्यावर कविता केली आणि १८०७ साली ती छापून आली. भारतातल्या कितीतरी शाळांत ही कविता शिकवली गेली आहे. तुमच्या पोरांना विचारा, एखादीला पाठ असेल. त्या कवितेतला माणूस मात्र एकटाच फिरतोय. बरोबर चालणारी, आधी वहीत लिहून ठेवणारी बहीण कवितेत नाही.

तिच्या वह्यांचंही असंच झालं. १८९७ साली एका प्राध्यापकांनी त्या छापल्या, तेव्हा आज सदरे दुरुस्त केले, आज काटक्या गोळा केल्या, अशा नोंदी क्षुल्लक म्हणून गाळून टाकल्या. डोंगर ठेवला आणि सरपण काढलं. पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत त्या नोंदी परत आल्या, तेव्हा लोकांना कळलं की तिच्या आयुष्यात कष्ट आणि मोकळं फिरणं एकाच दिवसात, एकाच वाटेवर होतं.

हे ऐकून आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. आपल्या आज्या-पणज्यांकडे वही नव्हती, लिहायला येत नव्हतं. त्यांनी माहेरची वाट, डोंगर, पाऊस, मनातलं ओझं जात्यापाशी गाऊन ठेवलं. त्यातही कष्ट आणि मन वेगळं काढता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या वाचल्या. क्षुल्लक म्हणून कुणी टाकून दिल्या असत्या, तर त्याही गेल्या असत्या.

डॉरथी पुढंही चालत राहिली. ७ ऑक्टोबर १८१८ रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ती मेरी बार्कर या मैत्रिणीबरोबर स्कॅफेल पाइक या शिखरावर चढली. हा इंग्लंडमधला सगळ्यात उंच डोंगर, ९७८ मीटर. वाट दाखवायला तिथलाच एक माणूस घेतला होता. तिनं लिहिलेली या चढाईची हकिगत विल्यमच्या प्रवासपुस्तकात छापली गेली, तीही तिच्या नावाशिवाय.

आता तिच्या आयुष्याचा शेवटही सांगायला हवा. १८२९ च्या वसंतात ती फार आजारी पडली आणि त्यानंतर तिची तब्येत पूर्वीसारखी कधीच झाली नाही. पुढे १८३५ च्या सुमारास तिचं मनही ढळत गेलं. शेवटची वीसेक वर्षं तिनं घरात, माणसांच्या आधारानं काढली. विल्यम, त्याची बायको आणि घरच्यांनी तिला सांभाळलं. २५ जानेवारी १८५५ रोजी ती गेली. चालण्यानं सगळे आजार टळतात, असं कुणी म्हणालं तर डॉरथीचं आयुष्य त्याला उत्तर आहे. पण जी पन्नासेक वर्षं पायात बळ होतं, त्यात या चालण्यानं तिला तारून नेलं, हेही तितकंच खरं.

तिच्या अनुभवाला पुढं विज्ञानानंही थोडी जोड दिली. १९८२ साली जपानच्या वनखात्यानं लोकांना जंगलात सावकाश फिरायला बोलवायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं शिनरिन-योकू, म्हणजे वनस्नान. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ जणांवर एक प्रयोग केला. काहींना गवत-झाडांच्या माळावर दीड तास चालवलं, काहींना गर्दीच्या रस्त्याकडेनं. माळावर चालून आलेल्यांच्या मनातलं स्वतःविषयीच्या वाईट विचारांचं घोळणं कमी झालेलं आढळलं. गाय जशी रवंथ करते, तसं चिंतेत मन एकच घास परत परत चघळतं. त्या दीड तासात तो रवंथ जरा थांबला. प्रयोग लहानच होता, पण ज्या बाईनं जानेवारीपासून मेपर्यंत वहीत पानं-पाखरं टिपली, तिला यात नवल वाटलं नसतं.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे या दिवसांत पायी निघायची रीत जुनीच आहे. माघी एकादशीला पंढरपूरची वारी असते. चैत्रात खानदेशातून बायाबापड्या सप्तशृंगीच्या गडाला पायी जातात, शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाट चढतात, जोतिबाचा डोंगर गुलालानं भरतो. देवाच्या नावानं निघालं की भटकभवानी कुणी म्हणत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या वाटेवर डोक्यावर हंडा नसायचा, सासरचा वचक नसायचा, बरोबर सया असायच्या. देव भेटायचाच, पण मनालाही वारा लागायचा.

आता त्याला वर्षातून एकदाच वाट बघायला नको. गटाची बैठक असते, त्या दिवशी बैठकीच्या आधी एक तास ठरवा. ऊन चढायच्या आत, चार-पाच जणी मिळून, गावच्या टेकडीपर्यंत किंवा ओढ्याच्या कडेनं जाऊन यायचं. डोक्यावर काही घ्यायचं नाही. येताना काटक्या आणायच्या तर आणा, डॉरथीनंही आणल्या. जाताना हात मोकळे ठेवा. हप्त्याचा विषय परतीच्या वाटेवर काढा. जाताना फक्त बघा : कुसुंबाला लाल पालवी आली का, सावरीला किती फुलं राहिली, कोकीळ ओरडली का. परत आल्यावर एकीनं वहीत दोन ओळी लिहा. जिला लिहिता येत नाही, तिनं सांगायचं आणि दुसरीनं लिहायचं. पुढच्या आठवड्यात तिथंच परत जा, काय बदललं ते कळेल.

पाण्याची बाटली घ्या, घरी सांगून जा. गुडघेदुखी असेल तिनं सपाटीवर चालावं. आग्या मोहोळ असेल त्या कड्याखाली जाऊ नका. रान वाळलेलं आहे, काडी पेटवू नका.

आणि एक महत्त्वाचं. कित्येक दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं एखादीचं होत असेल, तर तिला नुसतं ‘चालायला ये’ म्हणून सोडू नका. तिला आशाताईंकडे, दवाखान्यात घेऊन जा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-दिवसा कधीही लागतो, मराठीतही बोलता येतं. डॉरथीच्या शेवटच्या वर्षांत तिला माणसांनी धरून ठेवलं होतं. तसं आपणही एकमेकींना धरू.

शिमग्यापर्यंत तुमच्या गटाच्या चार फेऱ्या झाल्या, तर वही घेऊन केंद्रावर या. तुम्ही काय काय पाहिलंत, ते तुमच्याच आवाजात आपण ऐकवू. सरपणाची नोंदसुद्धा गाळणार नाही. तोवर राम राम.